मशिदीच्या लेखातलं कन्या लग्न

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक संस्कृत शिलालेख आहे. सुरुवात ‘श्री सृष्टिकर्त्रे नमः’ अशी. पुढे ईश्वराचं वर्णन येतं: अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत. मग फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी तारीख. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुक्ल एकादशी, सोमवार, रोहिणी नक्षत्र, वणिज करण. वेळ रात्रीच्या अकरा घटी सरल्यानंतरची, लग्न कन्या. या मुहूर्तावर मुबारकशाहाचा मुलगा एदलशाह याने ही ‘मसीति’ बांधली. कशासाठी? ‘स्वधर्मपालनार्थम्’.

इसवी सनाच्या हिशेबाने ही जानेवारी १५९० मधली रात्र. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं, तरी ते जुन्या खानदेशचं राजधानीचं गाव. भुसावळहून रावेर ओलांडलं की आलंच. एदलशाह म्हणजे आदिलशाह, राजा अली खान या नावाने ओळखला जाणारा फारुकी सुलतान.

हा लेख वाचून दोन प्रकारची माणसं खूश होतात. एक म्हणतात, बघा, सगळे धर्म एकच. दुसरे म्हणतात, बघा, शेवटी आमच्याच पंचांगाकडे यावं लागलं. दोघांनीही लेख पुरता वाचलेला नसतो. मशिदीवर पंचांग कोरणारा राजा शेवटी स्वतःचा धर्म पाळण्यासाठी बांधली, असं सांगतो. आणि ज्याला आपण ‘आमचं पंचांग’ म्हणतो, त्यातलं आमचं किती, हे बघायला बसलं की ग्रीसपासून मध्य आशियापर्यंत पायपीट करावी लागते. म्हणून हा एकच दगड नीट उकलून बघू. धर्म आणि संस्कृती एकमेकांकडून काय घेतात, कसं घेतात आणि कुठे हात आखडतात, ते त्यातून बरंच कळतं.

दगड उकलताना

आधी ‘शके’. ही कालगणना इ. स. ७८ पासून मोजतात. ती चालवली पश्चिम क्षत्रपांनी, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शक राजांनी. त्यांच्या लेखांत आणि नाण्यांवर ही वर्षं सापडतात. पैठणच्या सातवाहनांशी त्यांचं हाडवैर होतं. आज लग्नपत्रिकेवर आपण ‘शालिवाहन शके’ छापतो, तेव्हा हरलेल्या शकांची मोजणी आणि त्यांना हरवणाऱ्या सातवाहनांचं नाव एका ओळीत बसवतो. शालिवाहनाचं नाव या शकाला खूप उशिरा, कित्येक शतकांनी चिकटलं. उसन्या वस्तूचं असं वारंवार होतं. वस्तू राहते, मालकाचं नाव बदलतं.

‘विरोधी संवत्सर’ खरा की खोटा, हे घरी बसून तपासता येतं. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी बघा. १५११ अधिक १२ म्हणजे १५२३, भागाकार २५, बाकी २३. प्रभवपासून मोजलं तर तेविसावा संवत्सर विरोधी. बरोबर. शकात १३५ मिळवले की विक्रम संवत येतो. १५११ अधिक १३५ म्हणजे १६४६. तेही बरोबर. लेख लिहून देणारा ज्योतिषी पट्टीचा होता. आणखी एक बारकावा: बाकी काढण्याची ही रीत नर्मदेच्या दक्षिणेची. उत्तरेत गुरूच्या गतीवरून संवत्सर मोजत, त्यामुळे तिथल्या आणि इथल्या नावांत फरक पडतो. लेखात संवत उत्तरेचा, संवत्सर दक्षिणेचा. खानदेश कोणत्या दोन प्रदेशांच्या मधोमध बसलाय, ते या दोन शब्दांतच आलं.

आता ‘सोमवार’. इथे जरा थांबायला हवं, कारण उसनवारी ओळखायची कशी, याचा याहून चांगला नमुना मिळणं कठीण.

तिथी आणि नक्षत्रं आपल्याकडे फार जुनी, वेदांगज्योतिषातही आहेत. वार मात्र त्यात नाहीत. भारतात वाराचा उल्लेख असलेला जुना लेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, बुधगुप्ताच्या काळातला, इ. स. ४८४ चा. त्यात गुरुवार आहे. मग रवी, सोम, मंगळ, बुध हा क्रम आला कुठून? आकाशात तर ग्रह या क्रमाने नाहीत. जुन्या समजुतीप्रमाणे सगळ्यात संथ ग्रह शनी. मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि सगळ्यात चपळ चंद्र.

दिवसाचे २४ भाग करा. प्रत्येक भागाला याच क्रमाने एकेक ग्रह मालक द्या. पहिल्या तासाचा मालक, तोच दिवसाचा मालक. शनिवारी पहिला तास शनीचा. आठवा, पंधरावा, बाविसावाही शनीचाच. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. आता दुसरा दिवस उजाडला, पंचविसावा तास. तो कोणाचा? सूर्याचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. पुन्हा २४ मोजा, चंद्र येतो. सोमवार. असंच पुढे.

खुबी अशी की आपला दिवस २४ तासांचा नव्हताच, तो ६० घटींचा. घटींना ग्रह वाटून बघा. साठाला सातने भागलं की बाकी चार उरते. शनीपासून चार घरं पुढे सरकलं की शुक्र येतो, तिथून चार पुढे गुरू, मग बुध. म्हणजे शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, सगळा आठवडा उलटा चालतो! आज आपण जगतो तो सुलटा क्रम फक्त २४ भागांच्या दिवसातूनच जुळतो. म्हणजे वार तिथून आले, जिथे दिवसाचे २४ भाग करत: बाबिलोनी, मिसरी आणि ग्रीक ज्ञानाची सरमिसळ झालेल्या मुलखातून. आपल्या ज्योतिषांनी ते घेतले आणि तासाला अडीच घटी असा हिशेब लावून आपल्या साठ घटींत बसवले. त्या तासाला नाव दिलं ‘होरा’. तो शब्दही ग्रीकच.

शेवटी ‘कन्या लग्न’. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. हेही तपासून बघू. पौष शुद्ध एकादशी, मकरसंक्रांत नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे सूर्य मकरेत. सूर्य मावळताना त्याच्या बरोबर समोरची रास उगवते: मकरेसमोर कर्क. सूर्यास्तानंतर अकरा घटी, घटीला २४ मिनिटं, म्हणजे ४ तास २४ मिनिटं. एक रास उगवायला साधारण दोन तास लागतात. उरलेली कर्क सरली, सिंह सरली, कन्या वर आली. ज्योतिष्याचं गणित चोख.

ही कन्या कोण? बारा राशी आपल्याकडे ग्रीकांकडून आल्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने राशींना मेष-वृषभ ही संस्कृत नावं वापरलीच, शिवाय क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक अशी दुसरीही नावं नोंदवली. ही ग्रीक नावंच, संस्कृत जिभेवर घासून गुळगुळीत झालेली. पाथोन म्हणजे ‘पार्थेनोस’, कुमारिका. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या नावात आहे तीच. तर अथेन्सची कुमारिका उज्जैनच्या ज्योतिषात कन्या झाली आणि १५९० साली तापीकाठच्या मशिदीचा मुहूर्त धरायला आली.

वराहमिहिराने हे घेताना लपवाछपवी केली नाही. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ आहेत, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलं आहे, म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो, असं तो लिहितो. आणि लगेच पुढे: मग हे शास्त्र जाणणाऱ्या द्विजाचं काय सांगावं! कौतुक आहे आणि नाकही वर आहे. घेणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो.

घाण्यामागे पळी तेल

उसनं ज्ञान हवेतून येत नाही. त्याला शिकवणारा लागतो, शिकणाऱ्याला दोन वेळचं जेवण लागतं आणि ते जेवण कुणीतरी द्यावं लागतं. हा भाग लोक विसरतात. ‘संस्कृतींचा संगम’ म्हटलं की दोन नद्या आपोआप मिळाल्यासारखं वाटतं.

चाळीसगावजवळ पाटण. तिथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. ‘लीलावती’ आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली. लेखाचा बराच भाग संस्कृत. पण पैशाअडक्याचा विषय आला की भाषा मराठीवर उतरते. कुणी काय द्यायचं, ते देणाऱ्याला कळायला नको का? त्या मराठीत एक कलम असं की, जितके तेलघाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल मठाला.

मठात शिकवत काय? सिद्धांतग्रंथांत ‘केंद्र’ येतं, ते ग्रीक ‘केंत्रोन’. कोनाच्या कलेला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, ‘लिप्ता’ म्हणतात, ते ‘लेप्तोन’. म्हणजे ग्रीक मुळाचे शब्द, संस्कृत श्लोकांत ओवलेले, खानदेशी तेल्याच्या घाण्यावर पोसलेले. आज आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, केंद्र सरकार म्हणताना कुणाला परकं वाटत नाही. शब्द पचला की तो असा दिसेनासा होतो.

त्याच ‘लीलावती’चं फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या कवी फैजीने १५८७ मध्ये केलं. चार वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराने याच फैजीला वकील म्हणून दख्खनला पाठवलं. तो आला तो बुऱ्हाणपूरला, राजा अली खानाकडे. मशिदीवरचा लेख तेव्हा जेमतेम दोनेक वर्षांचा. पाटणच्या पोरांनी घोकलेलं गणित फारसीत उतरवणारा माणूस आणि संस्कृत लग्न कोरवणारा सुलतान एकाच गावात समोरासमोर बसले. दोघांच्या बोलण्याचा विषय मात्र गणित नव्हता. मोगलांपुढे झुका, हा होता. उसनवारीला राजकारणाची सोबत असते, ती अशी. पुढे १५९७ मध्ये राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना पडला आणि १६०१ मध्ये असीरगडही अकबराच्या हाती गेला.

उलट्या दिशेनेही माल येतच होता. १५८७ मध्येच नीलकंठ नावाच्या ज्योतिष्याने ‘ताजिकनीलकंठी’ हा संस्कृत ग्रंथ पुरा केला. त्यात इत्थशाल, सहम असे शब्द जागोजागी आहेत. इत्थशाल म्हणजे अरबी ‘इत्तिसाल’, जोड. म्हणजे जे ज्योतिष ग्रीकांकडून आपल्याकडे आणि आपल्याकडून अरबांकडे गेलं, ते इराणी हातांतून नवी भर घेऊन परत संस्कृतात आलं. वर्षफल सांगणाऱ्या ज्योतिष्याला विचारा, ‘मुंथा’ शब्द त्याच्या तोंडी रोजचा असतो. तोही त्याच वाटेने आलेला.

सारखं दिसलं म्हणजे उसनं नव्हे

या विषयात माणसं सगळ्यात जास्त घसरतात ती इथे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की एकाने दुसऱ्याची घेतली, असं ठोकून दिलं जातं. ते म्हणण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. कोणतं जुनं, याला तारखेचा पुरावा आहे का? जायला-यायला वाट होती का, म्हणजे व्यापारी, भिक्षू, फौज, लग्नाच्या सोयरिकी? आणि सर्वांत महत्त्वाचं, सारखेपणात एखादा विनाकारण तपशील आहे का? पाण्याला पवित्र मानणं जगभर आढळतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. तहान सगळ्यांना लागते. पण वारांचा तो विचित्र क्रम दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणं अशक्य. असा तपशील पकडता आला तर बोला, नाहीतर गप्प बसलेलं बरं.

आखाजीचं उदाहरण घ्या. वैशाख शुद्ध तृतीयेला खानदेशात घरोघरी पितरांची घागर भरतात, वर डांगर ठेवतात, पुरणपोळी-आमरसाचा बेत असतो. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचं सालही आखाजीपासून धरायचं. त्याच दिवशी जैन कुटुंबांत वर्षीतपाचं पारणं असतं, उसाच्या रसाने, कारण ऋषभदेवांचा उपवास याच तिथीला उसाच्या रसाने सुटला, अशी त्यांची श्रद्धा. एक तिथी, दोन सण. कुणी कुणाचा घेतला? तिथी सामाईक आहे, एवढंच ठामपणे म्हणता येतं. घागरीत आणि उसाच्या रसात जुळणारा असा एकही तपशील नाही. सामाईक पंचांग म्हणजे सामाईक बाजारपेठ. एका ओट्यावर दोन दुकानं लागली म्हणून माल एक होत नाही.

नावांवरून इतिहास काढणं हा दुसरा खड्डा. ‘खानदेश’ म्हणजे खानांचा देश, कारण गुजरातच्या सुलतानाने फारुकींना ‘खान’ किताब दिला, असं एक मत. कान्हाचा देश म्हणून कान्हदेश, कारण इथले अहिर म्हणजे जुने आभीर आणि त्यांचा देव कृष्ण, हे दुसरं. खांडववनाचा देश, हे तिसरं. ज्याला जो पूर्वज हवा तो या नावात सापडतो. बुऱ्हाणपूरच्या नावात मात्र असा घोळ नाही: खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून नासिर खान फारुकीने ते वसवलं. तापीपलीकडचं जैनाबाद त्याच परंपरेतल्या जैनुद्दीन शिराजींच्या नावावरून.

पाटणच्याच डोंगररांगेत, घाट चढून कन्नडच्या बाजूला, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेली यक्षाची ठेंगणी, ढेरपोट्या, हसऱ्या चेहऱ्याची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर प्राकृतात कोरलंय, की ही कान्हदास सोनाराने केली. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं-दुसरं शतक. आता मोजा. कारागिराचं नाव कृष्णाचा दास. घडवलेला यक्ष, म्हणजे बुद्धाच्याही आधीपासून झाडापाण्याजवळ पुजला जाणारा लोकदेव. जागा बौद्ध विहाराची. त्याच लेण्यांत पैठणच्या गांध्याचं, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याचं दानही कोरलेलं आहे. यात कुणी ‘समन्वय’ करायला बसलं नव्हतं. भिक्षूंना विहाराचं दार राखायला कुणीतरी हवं होतं, गावाला यक्ष माहीत होता आणि सोनाराला काम मिळालं. देवाची बदली झाली आणि पायरी ठरली: तो विहारात आला, पण दारावर.

नवा धर्म जुन्या देवाला सहसा असंच घेतो. नोकरी देतो, गादी देत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीचं दालन आहे. मुलं खाणारी यक्षीण बुद्धाच्या उपदेशाने मुलं राखणारी झाली, अशी तिची कथा. बाळंतिणीच्या घरी सटवाईची धास्ती आणि तिचीच पूजा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हारीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण सटवाई हारीतीपासून आली, असं मात्र म्हणू नका. वरच्या तीन कसोट्या लावा.

पाणी आणि फराळ

कारागिरी आणि तंत्र यांच्या उसनवारीत धर्म फारसा आडवा येत नाही. बुऱ्हाणपूरचंच बघा. तापी शहराला लागून वाहते, पण खोल पात्रातून. पाणी दिसतं, वर चढवणं जिकिरीचं. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाने इथे इराणी ‘कनात’ पद्धतीची पाणीयोजना करवली. लोक तिला कुंडी भंडारा म्हणतात.

पद्धत अशी. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे डोंगरात मुरलेलं पाणी सापडतं, तिथपर्यंत जमिनीखालून बोगदा न्यायचा. बोगद्याला उतार अगदी थोडा, हजार फुटांना एक-दोन फूट. ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी खोदायच्या. त्यांतून खोदलेली माती वर काढायची, खाली हवा जाते आणि पुढे दुरुस्तीला उतरता येतं. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. पाणी कुणी न ओढता आपल्या वजनाने शहरात येतं. आणि जमिनीखाली असल्याने वैशाखातही वाफ होऊन उडत नाही.

बिघडतं कुठे? उतार जास्त झाला तर पाणी तळ खात जातं आणि बोगदा ढासळतो. कमी झाला तर गाळ बसतो. इथल्या पाण्यात चुना फार, त्याचे थर भिंतींवर चढून मार्ग अरुंद होतो, तो वेळोवेळी खरवडावा लागतो. आणि आसपास बोअर वाढल्या की बोगद्याची वरची सगळी व्यवस्था शाबूत असूनही पाणीच खाली जातं. इराणातही कनाती अशाच सुकल्या. तंत्र उसनं घेताना त्याचे नियमही घ्यावे लागतात. पाण्याच्या उगमाजवळ दुसऱ्याने खोदायचं नाही, हा कनातीचा पहिला नियम.

या खानखानाची गंमत वेगळीच. तोच हिंदी दोह्यांचा रहीम. ‘खेटकौतुकम्’ नावाची ग्रहफळं सांगणारी संस्कृत-फारसी मिश्र रचना त्याच्या नावावर आहे. कन्या लग्न कोरणाऱ्या गावाला साजेसा सुभेदार.

स्वयंपाकघराकडे वळू, कारण उपवासाच्या ताटाइतकी पक्की परदेशी वस्ती दुसरीकडे नाही. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची: चारही अमेरिका खंडातून पोर्तुगीज गलबतांनी आणलेली. म्हणजे सोळाव्या शतकाआधी आपल्या कुठल्याही एकादशीला ती नव्हती. साबुदाण्याचं नाव मलय ‘सागू’वरून आलेलं. मूळ साबुदाणा तिकडच्या सागू ताडाच्या गाभ्याचा. आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे बनणारा. तो कंदही अमेरिकेचाच.

मग हे सोवळ्यात शिरलं कसं? नियमाच्या फटीतून. उपवासाला वर्ज्य काय, तर धान्य, म्हणजे नांगरून पिकवलेलं अन्न. कंदमुळं, फळं, आपोआप उगवणारी भगर चालते, ती ऋषींचं खाणं. नवा कंद आला, तो वर्ज्याच्या यादीत नव्हता, कारण यादी करणाऱ्यांनी तो पाहिलाच नव्हता. बटाटा कंदमुळांच्या रांगेत जाऊन बसला. शेंगदाणा जमिनीखाली लागतो म्हणून त्यालाही जागा मिळाली. मिरची मिऱ्याच्या जागी आली आणि मिऱ्याचं नावच घेऊन बसली: मिरी, मिरची. गव्हाला मात्र हजारो वर्षं इथे राहूनही एकादशीला प्रवेश नाही. नियम कडक ठेवून माल बदलण्याचा हा प्रकार धर्मात सर्रास चालतो आणि त्यात ढोंग काही नाही. नियम पाळणाऱ्याला नियम पाळल्याचं समाधान हवं असतं. कंद कुठला, ही चौकशी त्याने केलेली नसते.

रोट बाहेर जात नाही

इथवर वाचून वाटेल की सगळंच सगळ्यांचं. तसं नाही. उसनवारीला थर असतात. तारीख, तंत्र, शब्द, भाजी हे बाहेरचे थर, तिथे देवाणघेवाण भराभर होते. देव, संत आणि जत्रा त्याच्या आतले. तिथे नाव बदलावं लागतं किंवा पायरी खाली करावी लागते. रोटी-बेटी आणि मयताचे विधी सगळ्यात आत. तिथे शेकडो वर्षांचे शेजारीसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतात. आणि बळजबरीने, तलवारीने किंवा पोटापायी झालेले बदलही याच इतिहासात आहेत. ते प्रत्येक वेळी ‘देवाणघेवाण’ म्हणून खपवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

हे सगळे थर एका जागी बघायचे तर खानदेशात कानबाईसारखा सण नाही. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी. त्याला नथ, डोळे, दागिने घालून चौरंगावर मांडतात, रात्र जागवतात, सोमवारी वाजतगाजत नदीला नेतात. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली माणसं यासाठी गावी परततात. याहून ‘आमचं’ काही दाखवता येणार नाही.

आता तिथीकडे बघा. नागपंचमी आपल्या जुन्या चांद्र मोजणीची. पण तिच्या पुढचा रविवार त्या चोवीस तासांच्या दिवसातून आलेला. कानबाईच्या जोडीला रानबाईचं नाव येतं. सातपुडा ओलांडला की निमाडात गणगौरीला रनुबाई आणि धणियर राजा भेटतात, धणियर म्हणजे सूर्य. पश्चिमेला सौराष्ट्रात रांदल, सूर्याचीच बायको. तीन शेजारचे मुलूख, कानाला जवळची नावं, जाण्यायेण्याच्या जुन्या वाटा आणि आपल्याकडे नेमका सूर्याचा वार. कसोट्या लावल्या तर वाट सापडते, विनाकारण तपशीलही सापडतो. रानबाई एकटी खानदेशची नाही, हे म्हणायला एवढं पुरेसं आहे.

आणि रोट? घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळून त्याचा स्वयंपाक होतो. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला नाही, मग तो कितीही जिवलग असो. उरला तर दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, संपेपर्यंत घरच्यांनीच.